सगळ्यांना एकत्र बोलावू नका, मॅडम

वाचकाचं पत्र

"ताई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका जिल्हा परिषद शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते सातवी, आम्ही तिघं शिक्षक, पट ६१. दिवाळीच्या आगेमागे निम्मी घरं ऊसतोडीला जातात. काही पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर, काही आजीआजोबांजवळ गावात. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष स्वतःच कोयता घेऊन कर्नाटकात असतात, त्यामुळे ठरावाच्या सह्या मी आधीच घेऊन ठेवते. अंगणवाडीताई, आशाताई, ग्रामसेवक माणसं म्हणून चांगली आहेत, पण 'ते आमच्याकडं येत नाही' यापुढे गाडी जात नाही. पुण्याची एक संस्था मोठा टीव्ही आणि दप्तरं द्यायला तयार आहे आणि सरपंचांना त्याचा कार्यक्रम दणक्यात करायचाय. त्यातच सातवीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे येऊन गेल्याचं कानावर आलंय. वरिष्ठ म्हणतात, समाजाचा सहभाग वाढवा. सगळ्यांची बैठक दोनदा घेतली. चहा झाला, भाषणं झाली, पुढे काही नाही. सगळ्यांना एकत्र आणायचं तरी कसं? आणि मी शिकवू कधी?"

— एक शिक्षिका, नाव छापू नये

मॅडम,

सगळ्यांना एकत्र आणू नका. निदान यंदा तरी नको.

सरपंच, ग्रामसेवक, केंद्रप्रमुख, देणगीदार एका सतरंजीवर बसले की प्रत्येक जण आपापल्या खात्याच्या वतीनं बोलायला लागतो. खात्याला योजना दिसते, अमुक आजीचा पाचवीतला नातू दिसत नाही. शिवाय चारचौघांत घेतलेलं काम हे कुणाचंच काम नसतं, हे तुम्ही दोनदा अनुभवलंच आहे. सहभाग मागायचा तर एकेकाला गाठून, पोराचं नाव घेऊन, एवढंच एक काम मागायचं. माझा सगळा सल्ला एवढाच आहे, बाकीचं त्याचं तपशीलवार म्हणणं.

सुरुवात यादीपासून करा. तुमच्याकडे पट आहे. अंगणवाडीताईंकडे त्यांचं सर्वेक्षण आहे. आशाताईंकडे गरोदर बायका, तान्ही बाळं आणि लसीकरणाची वही आहे. तिघींनी एकाच गावाची घरं तीनदा पालथी घातलीत आणि तीन वेगवेगळ्या वह्या तीन वेगवेगळ्या कार्यालयांत जातात. एका दुपारी अंगणवाडीत जमिनीवर बसा आणि तिन्ही वह्या उघडा. बघा काय होतं ते. तुमच्या पटावरची 'वैष्णवी' अंगणवाडीताईंना 'छकुली' म्हणूनच माहीत असते, आणि आशाताईंच्या वहीत ती फक्त आईच्या नावापुढचं 'पहिलं अपत्य' असते. तिघींचं जुळेपर्यंत कळतं की ज्या घरात तुम्ही पोरगी शाळेत का येत नाही म्हणून चिडत होतात, त्या घरात आई सातव्या महिन्यात आहे आणि फडावर पाणी भरायला, तान्ह्याला बघायला ही पोरगीच जाणार आहे. हे तिघींपैकी एकीलाही एकटीनं माहीत नव्हतं.

त्या दुपारी एकच कोरी वही करा. घर, पोराचं नाव, इयत्ता, जाणार की राहणार, राहणार तर कुणाजवळ, जाणार तर कुठल्या मुकादमाच्या (ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याच्या) टोळीत, कुठल्या कारखान्याला. आणि शेवटचा रकाना: या पोराकडे लक्ष कोण देणार. त्या रकान्यात 'समिती' किंवा 'शाळा' असं लिहायचं नाही. माणसाचं नाव लिहायचं.

आता वेळेचं बोलते, कारण खरं घोडं इथेच अडतं. आपली सरकारी यंत्रणा जूनपासून मोजते, आणि ऊसतोडीचं वर्ष दसऱ्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत असतं. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच हातात पडलेली असते. म्हणजे पोरगं फडावर जाणार की नाही हे तुमच्या ऑक्टोबरातल्या पालकसभेच्या कितीतरी आधी घरात ठरून गेलेलं असतं. तेव्हा जे काही करायचं ते पोळा ते घटस्थापना या दिवसांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेतल्या मुलांची तपासणी वर्षातून एकदा करतं. ते तुमच्याकडे जानेवारीत आलं तर रिकाम्या बाकांची तपासणी करून जाईल. आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विनंती करा की या गावाची तारीख सप्टेंबरात धरा. आधारची दुरुस्ती, जातीचे दाखले, बँक खाती यांची शिबिरं असतील तर तीही याच दिवसांत. यातल्या कशालाही जादा पैसा लागत नाही, नुसती तारीख हलवायची असते, आणि तारीख हलवायला अधिकारी निधीपेक्षा लवकर तयार होतात.

मुकादमाला टाळू नका. शिक्षक मंडळींना मुकादम म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. उचलीच्या व्यवहारात काय काय चालतं ते मलाही माहीत आहे आणि त्याची भलामण मी करणार नाही. पण कुठला कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी, कुठल्या कारखान्याच्या कुठल्या गटात जाणार, टोळीची कोपी (झोपडी) कुठल्या गावाच्या शिवारात पडणार, हे त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. त्याच्याकडून तीनच गोष्टी घ्या: कारखान्याचं नाव, अड्ड्याचं गाव आणि टोळीतला असा एक मोबाइल नंबर जो संध्याकाळी चालू असतो. जी पोरं आईबापाबरोबर जातीलच त्यांना स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड भरून द्या आणि त्या गावच्या शाळेला आधी फोन करा. शिक्षण हक्क कायद्यानं पोराला वयानुसार वर्गात बसवावंच लागतं. दाखला उशिरा आला म्हणून परत पाठवता येत नाही. तरी तिकडचे गुरुजी 'आमचा पट भरलाय' म्हणतात हे खरं. तेव्हा दोन मुख्याध्यापकांचं आपसात आधी बोलणं झालेलं असेल तर कार्डाला वजन येतं, नुसतं कार्ड पोराच्या खिशात चुरगळून जातं. पूर्वी कारखान्यांच्या आवारात तोडकऱ्यांच्या मुलांसाठी साखरशाळा चालायच्या. कायदा आल्यावर भर जवळच्या नेहमीच्या शाळेत घालण्यावर गेला. तत्त्वानं ते बरोबरच आहे, पण कोपीपासून शाळा लांब असली आणि मधे उसाच्या गाड्यांचा रस्ता असला तर सात वर्षांचं पोर तिथे जात नाही. हे अंतर तुम्ही बीडमधून कमी करू शकत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गावात राहू शकेल ते प्रत्येक पोर गावात राहील असं बघा, तुमची ताकद तिकडे लावा.

गावात राहायचं म्हणजे आजीजवळ. आजीला 'पालक' म्हणून कुणी मोजतच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य आईवडील किंवा पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असं आहे. जी बाई सहा महिने पोराला जेवू घालते, ताप आला तर जागते, ती पालक नाही तर कोण? पुढच्या वेळी समिती होईल तेव्हा जाणाऱ्या घरांतली एखादी आजी, न जाणाऱ्या घरांतल्या एकदोन आया आणि अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष यांपैकी एक जण गावात राहणारा, एवढं जमवा. आणि त्या आगाऊ सह्या घ्यायचं आजच बंद करा. तुमची अडचण कळते मला, पण उद्या खात्यावरच्या पैशाचा प्रश्न निघाला तर कोऱ्या ठरावावरची सही अध्यक्षाला नाही, सदस्य सचिव म्हणून तुम्हाला गोत्यात आणेल.

आजीला शाळेत बोलावून ती येत नाही. शाळा म्हटलं की तिला वाटतं आता इंग्रजी विचारतील. मारुतीच्या पारावर, दिवे लागायच्या वेळी, बायका आपसूक जमतात तिथे जा. अभ्यासाचा विषय काढू नका. पोर रात्री किती वाजता झोपतं, सकाळी काय खाऊन येतं, मोबाइल कुणाच्या हातात असतो, हे विचारा. मी ऐकलेलं एक उत्तर सांगते. एक आजी म्हणाली, "बाई, धाकल्याला भात चालतो, पन थोरला भाकरीबिगर उठत न्हाय, आन माझ्या हातात आता थापायचा जोर न्हाय." एवढ्या एका वाक्यात हंगामी वसतिगृहाचा सगळा प्रस्ताव आला.

हंगामी वसतिगृह नावाला वसतिगृह. पुष्कळ ठिकाणी पोरं झोपतात आजीकडेच, आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण समितीमार्फत शाळेत मिळतं. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून जातो. समितीचा ठराव, राहणाऱ्या मुलांची यादी, घरच्यांचं संमतिपत्र लागतं, आणि वर केलेली वही असेल तर हे सगळं एका बैठकीत उरकतं. यादी फुगवू नका. गावातून दबाव येईल, 'आमचंही नाव घाला' म्हणून. पडताळणीच्या दिवशी फुगवलेली यादी खऱ्या पोरांच्या ताटावर येते.

पैसे उशिरा येतात, हे धरूनच चाला. अशा वेळी बरेच शिक्षक किराणा दुकानात स्वतःच्या नावावर उधारी करतात. करू नका. पहिल्या महिन्याची सोय कोण करणार हे सप्टेंबरातच ठरवा. पुण्याच्या संस्थेला हे काम द्या. आणि पोषण आहाराचा तांदूळ 'नंतर भरून काढू' म्हणून तात्पुरता इकडे वळवण्याचा मोह कितीही झाला तरी त्या पोत्याला हात लावायचा नाही. साठा नोंदवहीत कमी पडलेलं धान्य कुणाच्या पोटात गेलं हे तपासणीत कुणी विचारत नाही.

स्वयंपाकाला गावातल्या बचत गटाला विचारा. उमेद अभियानाच्या ग्रामसंघात (गावातल्या बचत गटांच्या संघात) ऊसतोडीला न जाणाऱ्या बायका असतात. त्यांना ते रोजाचं काम म्हणून हवं असतं, सेवा म्हणून नाही, आणि त्यात काही वावगं नाही.

ग्रामसेवकांशी एकटीनं बोला, तेही ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याआधी. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात अजून ग्रामसेवकच. 'शाळेला मदत करा' असं म्हणू नका. त्याचं उत्तर 'निधी नाही' हेच असतं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला वाटा असतो. तुमची मागणी या खणांत बसेल अशी लिहा: मुलींच्या स्वच्छतागृहात नळ, व्हरांड्यात दोन दिवे, शाळेचं थकलेलं वीजबिल. प्रत्येक ओळीपुढे अंदाजे रक्कम. हा कागद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी द्या आणि त्याआधी महिला सभा होत असेल तर तिथे एखाद्या आजीलाच बोलायला लावा. सरपंच तुम्हाला 'बघू' म्हणतील. तिला म्हणणार नाहीत, ती त्यांच्या आईच्या वयाची आहे आणि चारचौघींत बोलतेय.

आता त्या मुलीबद्दल. हे सगळं बाजूला ठेवून आधी हे.

एकटीनं त्या घरी जाऊ नका आणि वर्गात तिला काही विचारू नका. लग्न का ठरतंय ते समजून घ्या. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल कोयत्यावर मिळते. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. दुसरं कारण आईच्या तोंडून ऐकाल: "वयात आलेली पोर म्हातारीजवळ कशी ठेवू?" हे कारण खोटं नाही. म्हणून नुसता कायदा सांगून उपयोग होत नाही, पोर सुरक्षित कुठे राहील याचा पत्ता हातात घेऊन जावं लागतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. २०२१ साली अशा ८२ वसतिगृहांना मंजुरी मिळाली, त्यात मुलींची वेगळी आहेत. तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय असेल तर तेही बघा. जागा आहे का हे आजच फोन करून विचारा, मग आशाताईंना सोबत घेऊन आईशी बोला. बापाशी नंतर.

आणि तरीही तारीख ठरली तर मुलगी १८ च्या आत आहे, विषय संपला. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतात, म्हणजे 'आमच्याकडं येत नाही' हे उत्तर इथे त्यांना देता येत नाही. ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. १०९८ वर फोन करा, सांगणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही. लग्न लावणारे, ठरवणारे, पुढाकार घेणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे सरपंचांच्या कानावर घालायचं काम केंद्रप्रमुखांना सांगा. तुम्हाला त्याच गावात रोज जायचंय, वाईटपणा वाटून घेतलेला बरा.

वही करताना आणखी काही घरं समोर येतील. वडील वारलेले, आई एकटी अर्ध्या कोयत्यावर जाणारी. अशा मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि निर्णय बालकल्याण समिती घेते. शाळेकडून बोनाफाइड लागतं, तेवढं विनाविलंब द्या. बाकी धावाधाव अंगणवाडीताईंना ठाऊक असते, पण मृत्यूचा दाखला काढायचा राहून गेलेला असतो आणि तो ग्रामपंचायतीतच निघतो. बघा, तीन दारं आपोआप जोडली गेली, बैठक न घेता.

पुण्याच्या संस्थेला एक पानाचं पत्र लिहा. दप्तरं नकोत, दप्तरं सगळेच देतात. तुम्हाला नोव्हेंबर ते एप्रिल संध्याकाळी दोन तास पोरांजवळ बसणारं माणूस हवंय. गावातली बारावी झालेली एखादी सून किंवा मुलगी, तिला त्या सहा महिन्यांचं मानधन, आणि आजारी पोराला तालुक्याला न्यायची वेळ आली तर गाडीभाड्याची थोडी शिल्लक. हिशोब समितीकडून दर महिन्याला जाईल असं लिहा. पोरांना रांगेत उभं करून वस्तू हातात देतानाचे फोटो काढायचे नाहीत, हेही लिहा, सौम्य भाषेत पण लिहा. चांगली संस्था असेल तर तिला हे वाचून हायसं वाटेल. फोटोच हवे असलेली संस्था दुसरी शाळा शोधेल. टीव्ही द्यायचाच म्हणाले तर घ्या, फक्त विजेचं बिल आधी ग्रामपंचायतीनं ठरावात घेतलेलं असू द्या. सरपंचांचा कार्यक्रमही होऊ द्या, हार घाला त्यांना. त्या व्यासपीठावरून त्यांनी दिव्यांचं आणि नळाचं जाहीर केलं तर हार स्वस्तात पडला.

ही जी संध्याकाळी बसणारी मुलगी असेल, वहीचा रोजचा सांभाळ तिच्याकडे द्या. 'शिकवू कधी' याचं उत्तर तेच आहे. जोडून देण्याचं काम मुख्याध्यापकानं सुरुवातीला करायचं, वर्षभर करत बसायचं नाही. तुम्ही आठवड्यातून एक दुपार वही बघा आणि जिथे नाव असून काम झालेलं नाही तिथे एक फोन करा. बाकी वेळ वर्गात. रात्री आठच्या सुमारास, टोळी कोपीवर परतल्यावर, पोरांचं आईबापाशी फोनवर बोलणं तिनंच लावून द्यावं. उसाची गाडी भरायची असेल त्या रात्री फोन उचलला जाणार नाही, हे पोरांना आधी सांगून ठेवावं, नाहीतर ती रडत बसतात.

पट्टा पडून माणसं परतली की पहिल्या आठवड्यात पालकसभा घ्या. तुमच्या गावाची खरी पालकसभा तीच. फडावरून आलेल्या पोरांना मागच्या बाकावर बसवू नका, आणि वरच्या वर्गात घालताना काय काय सुटलं ते वहीत लिहून ठेवा. सभेत भाषणं नकोत, हिशोब वाचा. कुठल्या आजीनं कुणाची पोरं सांभाळली, वसतिगृहाचे पैसे किती आले, किती थकले, संस्थेनं काय दिलं, दिवे लागले का, नळाला पाणी आलं का. जे झालं नाही तेही वाचा, कुणाच्या नावापुढे होतं त्या नावासकट. सरपंच, ग्रामसेवक पुढे बसलेले असतील, असू द्यात.